मागच्या फळीतले दाजी

आमच्या दाजींइतका चिवट माणूस धार आणि देवास या दोन्ही संस्थानांत झाला नाही. आणि देवासात संस्थानं दोन होती हे ध्यानात घेतलं, तर तिन्ही संस्थानांत मिळून झाला नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या काळी देवास गाव एक, पण राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातून जाणाऱ्या रस्त्याची एक बाजू एकांची, तर दुसरी दुसऱ्यांची. दाजी धाकट्या पातीच्या पागेत नोकरीला होते, म्हणजे दरबारी घोड्यांच्या दाणावैरणीवर देखरेख करत. माझ्या थोरल्या बहिणीशी, आक्काशी, त्यांचं लग्न झालं आणि ते आमच्या धारच्या घराचे जावई झाले. पहिल्या दिवाळसणाला वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "जावईबापू, काय हवं ते मोकळेपणानं सांगा." लोकांचे जावई अंगठी मागत, शालजोडी मागत, एखादा धीट असला तर घोडं मागे. दाजी भिंतीला टेकून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "फुटबॉलचं ब्लॅडर. महूच्या छावणीत मिळतं." ब्लॅडर म्हणजे चेंडूच्या आतला रबरी फुगा, पण वडिलांना ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं. आत जाऊन त्यांनी आईला हलक्या आवाजात सांगितलं, की मुलाला काहीतरी जुनं दुखणं दिसतंय, सोयरीक ठरवताना त्या लोकांनी लपवलं.

दुखणं होतंच म्हणायचं, आणि ते महूलाच जडलेलं. लग्नाच्या आधी कधीतरी दाजी दरबारचे घोडे घेऊन छावणीत गेले होते. काम लांबलं. संध्याकाळी गोरे सोल्जर मैदानावर चेंडू लाथाडत, ते बघत दाजी उभे राहत. एके दिवशी त्यांच्यात एक गडी कमी पडला आणि कुणीतरी चेष्टेनं या फेटेवाल्याला आत ओढलं. दाजींचं इंग्रजी 'यस' आणि 'नो' एवढंच. सोल्जरांनी त्यांना खुणेनं सांगितलं, की इथे गोलापुढे उभा राहा आणि कुणालाही पलीकडे जाऊ देऊ नको. ती खूण दाजींनी हुकूम म्हणून उचलली. एक आडदांड सोल्जर धावत आला, दाजींवर आदळला आणि खाली बसला. दाजी होते तिथेच होते, फक्त फेटा कानावर आला होता. पलटणीनं खूश होऊन त्यांना एक जुना चेंडू दिला. तो चेंडू छातीशी धरून दाजी देवासला परतले ते घोड्यांपेक्षा चेंडूचीच काळजी घेत. पागेच्या कारभाऱ्यांनी म्हणे आधी विचारलं, "ह्याला खायला काय घालायचं?"

अशा रीतीनं देवासात फुटबॉल आला. मैदान म्हणून जी मोकळी जागा मिळाली ती गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, आणि नेमकी दोन्ही पात्यांच्या शिवेवर. एक गोल थोरल्या पातीत, एक धाकट्या पातीत. दाजी चाकर धाकट्या पातीचे, पण ज्या गोलापुढे ते उभे राहत तो थोरल्या पातीच्या हद्दीत. त्यामुळे हा माणूस रोज संध्याकाळी परक्या मुलखाचं रक्षण करी. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "दाजी, तुम्ही नक्की कोणत्या पातीचे?" दाजी म्हणाले, "चेंडू येईल त्या." त्यांच्या जोडीला मागच्या फळीत दुसरा गडी, म्हणजे फुलबॅक, होता तो टोंकखुर्दच्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, सडपातळ, कायम हसरा. माळव्यात सगळेच एकमेकांना भिया म्हणतात, पण ह्याला दुसरं नावच उरलं नव्हतं. त्याची आईसुद्धा त्याला भिया म्हणे. दाजी उभे राहायचे आणि भिया धावायचा. दाजींनी अडवलेला माणूस बाजूला सरकला की तिथे भिया असे. या दोघांना चुकवून गोल करणं म्हणजे काय असतं ते आम्ही धारवाल्यांनी दरसाल अनुभवलं आहे. मी तेव्हा धारच्या संघात पुढच्या फळीत खेळायचो, आणि माझा मेव्हणा मला अंगावर घेऊन, उचलून, बाजूला ठेवून परत आपल्या जागी जाऊन उभा राही. सामना संपला की तोच मेव्हणा मला घरी नेऊन आक्काच्या हातचा मक्याचा कीस आग्रह करकरून वाढायचा.

आक्काचं या खेळाशी नातं दाभणापुरतं होतं. गोधड्या शिवायच्या दाभणानं ती चेंडू शिवी. चेंडूचं कातडं उसवलं की दाजी तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. ती हात पुढे करी आणि चुलीपुढे बसूनच टाके घाली. ब्लॅडर फुगवायचं कामही तिचंच. दाजींचा दम कमी पडे असं नव्हे, पण ते फुगवताना बोलत आणि मग सगळी हवा जाई. बोलणं म्हणजे तरी काय, एकच विषय, कंबर. दाजींचा सिद्धान्त असा होता, की समोरून येणाऱ्या माणसाचे पाय खोटं बोलतात, डोळे तर बोलतातच, पण कंबर बोलत नाही. ज्या बाजूला कंबर वळेल त्या बाजूला माणूस जाणार. हा सिद्धान्त ते कुठेही लावत. सोनकच्छच्या बाजारात एकदा एक बैल सुटला. हरभऱ्याची पोती, बायका, टोपल्या टाकून बाजार पांगला. दाजी पागेसाठी दाणा घ्यायला गेले होते, ते रस्त्याच्या मधोमध तसेच उभे. बैल आला, थबकला, डावीकडे वळल्यासारखं केलं आणि उजवीकडून जायला निघाला, तर उजवीकडे दाजी. मग तो बैल वैतागून एका सावलीत जाऊन उभा राहिला. मी विचारलं, "दाजी, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटली ना. पण त्याची कंबर दिसत होती."

त्या काळी देशाचा म्हणून संघ कुठला असायला? पण एका हिवाळ्यात मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी मिळून एक संघ उभा केला आणि महूच्या पलटणीशी सामना ठरला. आम्हांला तोच देश. धारहून माझी निवड झाली, पण राखीव म्हणून. देवासहून दाजी आणि भिया. आमच्यापैकी जवळजवळ सगळे अनवाणी, समोर बूट. मैदानाच्या एका कडेला खुर्च्यांवर साहेबलोक, तर दुसऱ्या कडेला गवतावर महूचे दुकानदार, खानसामे, धोबी, टांगेवाले. पहिल्या काही मिनिटांतच कळून चुकलं, की चेंडू त्यांच्या गोलाकडे काही जाणार नाही. तो आमच्याच गोलापुढे फिरत राहिला, आणि दाजी तिथे होते. पलटणीचे गडी डावीकडून आले, उजवीकडून आले, मधून आले. दाजींच्या चेहऱ्यावर पागेत घोड्यांची हजेरी घेतानाचा भाव होता. गवतावरची माणसं हळूहळू उठून उभी राहिली. सामना संपत आला तेव्हा त्यांचा पुढचा गडी आणि दाजी एकाच वेळी चेंडूवर आले. त्यानं मुद्दाम काही केलं नाही, हे दाजींनी पुढे प्रत्येकाला बजावून सांगितलं. बूट गुडघ्यावर बसला. आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला.

दाजी पडले नाहीत. त्यांनी गोलाचा खांब धरला. भिया धावत आला, तर ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस, तो बघ आला." आणि खरोखरच चेंडू पुन्हा आला. खांब धरूनच, दुसऱ्या पायानं दाजींनी तो परतवला. मग शिट्टी वाजली. गोल कुणाचाच झाला नव्हता. आम्ही जिंकलो नव्हतो. पण गवतावरच्या त्या माणसांनी जो ओरडा केला तो ऐकून टांग्यांचे घोडे उधळले. ज्याचा बूट लागला होता तो सोल्जर स्वतः दाजींना उचलायला वाकला. त्याच्याच खांद्यावर हात टाकून दाजी बाहेर आले, आणि सावलीत टेकवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चेंडूचं कातडं उसवलंय का बघा."

तो त्यांचा शेवटचा सामना. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा पुन्हा वाकणार नाही. घोड्यावर बसणं संपलं, मांडी घालून जेवणं संपलं. दाजी पाटावर पाय लांब करून बसत आणि ताट त्या पायाच्या कडेनं ठेवावं लागे. यातलं काहीच त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मैदानाकडे जाणं बंद केलं. चेंडू माळ्यावर ठेवायला सांगितला. भिया दोन-तीनदा येऊन बसून गेला. दाजी त्याच्याशी पावसापाण्याचं बोलले. आक्कानं हे काही महिने पाहिलं आणि एके दिवशी बैलगाडी जुंपायला लावून त्यांना धारला घेऊन आली. धारमध्ये एक नावाजलेला हाडवैद्य होता. त्यानं पाय चाचपला, तेल चोळलं, बांधला, सोडला, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं. "वाकायचा नाही."

दाजी म्हणाले, "सरळ तर राहील ना?"

"सरळ राहील."

"मग उभं राहता येईल," दाजी म्हणाले, आणि काठी घेऊन निघाले ते घरी न येता थेट किल्ल्याखालच्या आमच्या मैदानावर.

आमचा संघ सराव करत होता. आमचे कप्तान हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर होते. अतिशय सज्जन, आणि चेंडू पायात आला की समोरच्याला 'माफ करा' म्हणणारे. दाजींनी थोडा वेळ पाहिलं. मग ते मास्तरांना म्हणाले, "तुमची मागची फळी म्हणजे धर्मशाळा आहे. कुणीही यावं, कुणीही जावं." मास्तरांनी तिथल्या तिथे हात जोडले. "दाजी, तुम्हीच शिकवा आम्हांला."

आता पेच होता. धारचा दरसालचा मोठा सामना देवासशीच. ज्यांच्या गोलापुढे दाजी इतकी वर्षं उभे राहिले त्यांच्याविरुद्ध आम्हांला तयार करायचं, म्हणजे देवासात तोंड दाखवायची चोरी. रात्री जेवताना दाजींनी आक्काला विचारलं, "अन्न धाकट्या पातीचं खातो मी. हे बरं दिसेल का?"

आक्का वाढता वाढता म्हणाली, "ते घोड्यांसाठी खाता, चेंडूसाठी नाही. आणि नुसतं बसून खायला लागलात तर मला बरं दिसणार नाही." दाजींनी तुपात बुडवलेला आणखी एक बाफला मागून घेतला. बऱ्याच महिन्यांनी मागून घेतला, म्हणून आई आत जाऊन डोळे पुसून आली.

त्यानंतर दाजींनी आमचे जे हाल केले त्याला तोड नाही. धारमध्ये तेव्हा 'कोच' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. तालमीतल्यासारखं आम्ही त्यांना वस्ताद म्हणू लागलो. पहिला बराच काळ त्यांनी आम्हांला चेंडू दाखवलाच नाही. मुंज तलावावरून म्हशी संध्याकाळी घरी परतत, त्या वाटेवर एका अरुंद बोळात ते आम्हांला ओळीनं उभं करत. म्हशी दोन्ही अंगांनी घासून जात. जो मागे सरला तो उद्या पुन्हा पहिल्या जागी. ड्रॉइंग मास्तर एका म्हशीला 'माफ करा' म्हणाले, तेव्हा दाजींनी त्यांना आठवडाभर तिथेच ठेवलं. आठवड्यानं मास्तर म्हशीकडे रोखून बघायला शिकले आणि वर्गात पोरं त्यांना घाबरू लागली. गवळ्यांची तक्रार आली, की हे लोक म्हशींच्या कमरेकडे टक लावून बघतात, म्हशी बिथरतात. दाजींनी गवळ्यांना चहा पाजला आणि तालीम चालू ठेवली.

मला त्यांनी पुढच्या फळीतून उचलून मागे टाकलं. मी चिडलो. संघात सगळ्यात जास्त गोल माझे असत. मी म्हणालो, "दाजी, मी गोल करणारा माणूस आहे."

"करतोस, आणि छान करतोस," दाजी म्हणाले. "लोक बघत असले की जरा जास्तच छान करतोस. आता मागे ये. मागे कुणी बघत नाही. तिथे जो चांगला खेळतो तो खरंच चांगला असतो."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मागे जाऊन उभा राहिलो.

सामना देवासला होता, त्याच टेकडीखालच्या मैदानावर. दाजी आमच्याबरोबर टांग्यातून उतरले, तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आ गए धारवाले दाजी." काही माणसं हसली. भिया आता देवासचा कप्तान होता. त्यानं दाजींकडे पाहिलं आणि मान फिरवली. दाजी काठी टेकत मैदानाच्या कडेला गेले, एका ओंडक्यावर पाय लांब करून बसले आणि सामना संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही. देवासवाले आमच्यावर तुटून पडले. पण म्हशींपुढे उभ्या राहिलेल्या माणसांना माणसांचं फार काही वाटत नाही. त्यांचा सगळ्यात चपळ गडी एकदा एकटा माझ्यासमोर आला. आमच्या मागे फक्त गोलकीपर होता. मला लोकांचा आवाज ऐकू येईना. त्याचे पाय डावीकडे निघाले, डोळे डावीकडे निघाले, आणि मी उजवीकडे सरकलो. चेंडू माझ्या पायावर येऊन थांबला. मी दाजींकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. पुढच्या हल्ल्यासाठी कोण मोकळा सुटलाय ते बघत होते. शेवटी शेवटी आमच्या एकानं लांबून मारलेला चेंडू भियाच्या पायाला लागून उडाला आणि त्यांच्याच गोलात गेला. धारनं देवासला हरवलं.

आम्ही नाचत होतो. भिया गोलापुढे गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दाजी उठले आणि ते अख्खं मैदान लंगडत ओलांडून त्याच्याकडे गेले. हा माणूस आता जुन्या जोडीदाराला टोचायला निघालाय असं पुष्कळांना वाटलं असावं. दाजींनी काठी टाकली, मोठ्या कष्टानं, पाय आधी पुढे काढून, ते भियाशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "चेंडू बरोबर अडवलास. फक्त डावा पाय वीतभर मागे हवा होता. मी शेजारी असतो तर तो चेंडू तुझ्यापर्यंत आलाच नसता."

भियानं मान वर केली नाही. "तम तो धार का हुई गया, दाजी," तो म्हणाला. "अन यां हमारो पाछे को दरवाजो खुलो पड्यो हे."

"मग बंद करू ना तो," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी पोरांना घेऊन ये. म्हशी कुणाकडे आहेत?"

तेव्हापासून दाजी दोन्हीकडचे वस्ताद झाले. पागेच्या रजा बघून अर्धा हंगाम धार, अर्धा हंगाम देवास. दोन्ही गावच्या लोकांनी आधी कुरकुर केली. मग दाजींच्या हातच्या पोरांना शेजारच्या संस्थानांत मागणी येऊ लागली, तशी ती मावळली. पुढे संस्थानांचा तो मोठा संघ पुन्हा जमला तेव्हा तालीम द्यायला दाजींनाच बोलावलं, आणि त्या संघातले दोन्ही फुलबॅक त्यांच्याच हाताखालचे होते. एकट्या धार-देवासच्या सामन्याला मात्र त्यांची फार ओढाताण होई. ते मैदानाच्या बरोबर मध्यावर बसत आणि गोल कुणीही केला तरी त्यांना दुःखच होई, कारण मागची फळी दोन्हीकडची त्यांचीच. सामना गोलाविना सुटला की त्या रात्री स्वारी खुशीत. लोक निराश होऊन घरी जात आणि दाजी रबडी मागवत.

म्हातारपणी दाजी आणि आक्का दोघं धारला आमच्या शेजारीच राहायला आले. भिया तेव्हा वारला होता. तो गेल्याचं कळलं त्या दिवशी दाजी दिवसभर मैदानाच्या कडेला एकटेच बसून होते, आणि मुलांना त्यांनी त्या दिवशी तालीम न देता नुसतं खेळू दिलं.

एका संध्याकाळी मी फिरत मैदानाकडे गेलो, तर दाजी आणि आक्का तिथे. बायकांनी मैदानावर जायची आमच्यात रीत नव्हती. चेंडूला जन्मभर टाके घातले तिनं, पण खेळ कधी पाहिला नव्हता. आता काळ बदलला होता, वय झालं होतं, कुणी काही म्हणणार नव्हतं. मुलं खेळून गेली होती. एक चेंडू तिथेच पडला होता. मी जरा लांब, दगडी ओट्यावर बसलो. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

आक्का म्हणाली, "सगळे सांगतात तुम्ही फार मोठे खेळाडू होतात. मी काही पाहिलं नाही. काय करायचात तुम्ही?"

"काही नाही. उभा राहायचो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग दाखवा," आक्का म्हणाली.

दाजी उठले. काठी त्यांनी तिच्याकडे दिली. चालत गोलापुढे गेले, फिरले, तो ताठ पाय जरा बाजूला टेकवला, खांदे थोडे पुढे झुकवले आणि उभे राहिले. सत्तरीच्या पलीकडचा माणूस, अंगरख्याची बाही लोंबलेली, डोक्यावर विरळ केस. आक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, वाकून चेंडू हातात घेतला, शिवण अंगठ्यानं चाचपली, आणि जमिनीवरून त्यांच्याकडे हळूच सोडला. दाजींनी तो अडवला आणि तितक्याच हळू तिच्याकडे परत ढकलला. तिनं पुन्हा सोडला.

दिसेनासं होईपर्यंत ते दोघं तसेच होते. मी ओट्यावरून उठून घरी आलो.